आधी गाडी काट्यावर, मग स्प्रिंग

निपाणीहून शिकायला बेळगावात आलेल्या एका पोरानं विचारलंय : "काका, माझी एक-दशांश मापाची क्रॉलर आहे, दगडांवर चढवायची रिमोटची गाडी. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ३१३ मिलिमीटर, शॉक ९० मिलिमीटरचे. कडक प्लास्टिकची बॉडी, टपावर लोखंडी कॅरियर, पुढं धातूचा बंपर. कंपनीच्या स्प्रिंगवर गाडी पार खाली बसायची, म्हणून लाल रंगाच्या कडक स्प्रिंग घातल्या. आता चढावर मागं उलटते, आडव्या उतारावर कलंडते आणि पुढचं एक चाक सारखं हवेत राहतं. कुठल्या रंगाची स्प्रिंग घेऊ?"

रंग सांगत नाही. एका कंपनीचा लाल म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पिवळा असतो. पाकिटावर 'मऊ', 'मध्यम', 'कडक' लिहिलेलं असतं, पण कुणाच्या गाडीला मऊ? अडीच किलोच्या की साडेतीन किलोच्या? तुझ्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. गाडी बसत होती त्याचं कारण तू स्प्रिंगमध्ये शोधलंस. ते टपावर होतं.

क्रॉलरची स्प्रिंग काय करते ते आधी बघ. ही गाडी माणसाच्या चालीनं जाते, उड्या मारत नाही, त्यामुळं आपटणं सोसायचं काम जवळजवळ नाहीच. स्प्रिंगला दोनच कामं. एक, बॉडीचं वजन ठराविक उंचीवर धरून ठेवायचं. दोन, चाकाखालचा दगड संपून खड्डा आला की चाक खाली ढकलून जमिनीला टेकवायचं. हे दुसरं काम व्हायला गाडी सपाट जमिनीवर उभी असतानाच शॉक थोडा दबलेला पाहिजे. दबलेलाच नसेल तर चाक खाली जायला जागा कुठून येणार? तुझ्या कडक स्प्रिंगवर शॉक पूर्ण लांब होऊन अडकलेत. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्या बाजूचं खाली जाऊच शकत नाही, म्हणून ते हवेत राहतं. आणि शॉक ताणलेले म्हणजे गाडी उंच, उंच म्हणजे उलटायला सोपी.

आता काम. घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा घे, मित्राचा दुसरा घे. एक डाव्या पुढच्या चाकाखाली, एक उजव्या. मागच्या चाकांखाली काट्याच्या उंचीच्या पुस्तकांची चळत लाव, गाडी सपाट राहू दे. बॅटरी आत हवी. बॅटरी न घालता वजन करून फसलेले मी कमी बघितले नाहीत, त्यात एकदा मी स्वतः. मग पुढचं-मागचं उलट करून तेच. समजा पुढं १८५० ग्रॅम आले, मागं १३५०. एकूण ३२०० ग्रॅम, म्हणजे ५८ टक्के पुढं. क्रॉलरला हे चांगलं. ५५ ते ६० टक्के पुढं असलं की चढावर नाक जमिनीला राहतं.

पण हे सगळं वजन स्प्रिंगवर येत नाही. एक्सल, चाकं, टायर, एक्सलवर वजनासाठी लावलेलं पितळ हे स्प्रिंगच्या खालचं. ते दगडावर थेट बसतं. शॉकचे खालचे बोल्ट आणि लिंका (एक्सल चासीला जोडणारे दांडे) सोडवून एक्सल चाकांसकट वेगळा तोल. समजा पुढचा ९५० ग्रॅम, मागचा ७०० ग्रॅम. मग पुढच्या स्प्रिंगांवर उरले ९०० ग्रॅम, एकेकीवर ४५०. मागं ६५०, एकेकीवर ३२५. गाडी सव्वातीन किलोची आणि स्प्रिंगच्या वाट्याला पाव-अर्धा किलो, हे बघून तूही चक्रावशील. म्हणूनच बोटात कडक वाटणारी स्प्रिंग क्रॉलरला बहुतेक वेळा जास्त कडक ठरते.

आता किती दबायला हवी ते ठरव. तुझ्या शॉकचा दांडा पूर्ण बाहेर असताना आणि पूर्ण आत असताना मोज. फरक ३० मिलिमीटरच्या आसपास येईल. पुढं त्यातले ४० टक्के, म्हणजे १२ मिलिमीटर बसू दे. ४५० भागिले १२, साडेसदतीस. तुला मिलिमीटरला साधारण साडेसदतीस ग्रॅमची स्प्रिंग पाहिजे. मागं साडेतेरा मिलिमीटर बसू दिली तर ३२५ भागिले साडेतेरा, म्हणजे २४. परदेशी पाकिटावर हाच आकडा पौंड प्रति इंच असा येतो. मिलिमीटरला १८ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १ पौंड प्रति इंच. म्हणजे पुढं २.१, मागं १.३५ च्या आसपास. दुकानात हा आकडा माग. दुकानदार रंग सांगायला लागला तर स्प्रिंग हातात घेऊन स्वतः मोज.

हा हिशेब उभ्या शॉकचा झाला. तुझे शॉक तिरके असणार. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल तर चाक १० मिलिमीटर वर जाताना शॉक साधारण ८.७ मिलिमीटरच दबतो आणि स्प्रिंगचा जोरही तिरका लागतो. दोन्ही मिळून चाकापाशी पाऊणच कडकपणा पोहोचतो. ४५ अंशांवर निम्मा. ३० अंशांवर शॉक तेवढाच, १२ मिलिमीटर, दबायला हवा असेल तर साडेसदतीसच्या जागी ४३ ची स्प्रिंग लागेल. याचा फायदाही घे. चासीवर शॉक टॉवरला, म्हणजे शॉकचं वरचं टोक अडकवायच्या खांबाला, तीन-चार भोकं असतात. नवी स्प्रिंग विकत घ्यायच्या आधी शॉकचं वरचं टोक एक भोक आत सरकवून बघ. ते फुकट आहे.

स्प्रिंग मोजायची माझी पद्धत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या माणसाची आहे, म्हणून थोडी वर्कशॉपी. टेबलावरच्या ड्रिल मशीनखाली काटा ठेवायचा. स्प्रिंगच्या आत सैल जाईल असा दांडा चकमध्ये पकडायचा, त्यात जाड वॉशर अडकवून स्प्रिंग काट्यावर उभी करायची. काटा शून्य करायचा. मशीनचं हँडल खाली आणत ५ मिलिमीटरला, १० ला, १५ ला काट्यावर किती आले ते लिहायचं. १० ला ३८० आणि २० ला ७६० आले तर स्प्रिंग ३८ ची आणि सरळ स्वभावाची. २० ला ९०० आले तर वेढे एका टोकाला जवळ असलेली, दबत जाईल तशी कडक होणारी आहे. मशीन बंद ठेवून हे करायचं, एवढं सांगायची वेळ एकदा आली होती म्हणून सांगतो.

मोजायला काहीच नसेल तर तार बघ. पण इथं मोठी गोम आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो, वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या उलट आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या उलट. ०.९ मिलिमीटर तार, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत ११ मिलिमीटर व्यास आणि २० वेढे असले तर उत्तर मिलिमीटरला २५ ग्रॅमच्या जवळ येतं. बाकी सगळं तेच ठेवून तार १ मिलिमीटरची केली तर ३८. दहाव्या हिश्श्याच्या फरकात निम्म्याहून जास्त वाढ! आता रंगीत स्प्रिंगवर रंगाचा थर असतो. तू व्हर्निअर लावशील, ०.९५ दिसेल, प्रत्यक्षात तार ०.९ ची असेल, आणि तुझा हिशेब चोवीस टक्क्यांनी चुकलेला असेल. टोकाचा रंग नखाएवढा खरवडून मायक्रोमीटरनं मोज. आमच्याकडं हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तपासताना हाच धडा मिळाला होता. तिथं चूक झाली की माल परत यायचा, इथं फक्त गाडी उलटते.

शॉकवरची कॉलर, म्हणजे स्प्रिंगला वरून दाबणारी रिंग, फिरवून स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज डोक्यातून काढ. साडेसदतीसची स्प्रिंग कॉलर ४ मिलिमीटर खाली आणली तरी साडेसदतीसचीच राहते. वजन तेवढंच, म्हणून ती तेवढीच १२ मिलिमीटर दबते. फक्त त्यातले ४ मिलिमीटर कॉलरनं आधीच खाल्ले, त्यामुळं शॉक ८ च बसतो आणि गाडी ४ मिलिमीटर वर येते. म्हणजे चाकाला खाली जायची जागा ४ मिलिमीटरनं कमी झाली. कॉलर उंची जुळवायला आहे. मऊ स्प्रिंगची कॉलर पार तळाला नेऊन गाडी उभी करावी लागत असेल तर स्प्रिंग तरी चुकलीय नाहीतर वजन.

आता वजनाकडं येतो. संकेश्वर, चिक्कोडी, अथणीच्या रस्त्यावर गळितात उसाचा ट्रॅक्टर बघितला असशील. ट्रॉली वाजवीपेक्षा भरली की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, ड्रायव्हर बंपरवर माणसं उभी करतो. ट्रॅक्टरच्या पुढं स्प्रिंग घालून ते थांबेल का? तुझ्या टपावरचं कॅरियर तसंच आहे. ते १५० ग्रॅमचं धरू, जमिनीपासून २२ सेंटिमीटर वर. तेवढंच वजन काढून एक्सलच्या उंचीला, ६ सेंटिमीटरवर पितळाच्या रूपात लावलं तर ३२०० ग्रॅमच्या गाडीचा गुरुत्वमध्य साडेसात मिलिमीटरनं खाली येतो. टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंदी २०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य १०० मिलिमीटर उंच असेल तर गाडी, स्प्रिंगचं कलणं सोडून, ४५ अंशांवर कलंडते. साडेसात मिलिमीटर खाली आणलास की ४७ अंशांवर. दोन अंश कागदावर काहीच वाटत नाहीत. दगडावर 'गेली गेली' आणि 'गेली' यात तेवढाच फरक असतो. कॅरियर दिसायला पाहिजेच असेल तर प्लास्टिकचं लाव. पितळ पुढच्या एक्सलला जास्त, मागं कमी. आणि पितळ लावल्यावर परत स्प्रिंग बदलायची गरज नाही, कारण ते स्प्रिंगच्या खाली आहे. कॅरियर काढलं तर मात्र स्प्रिंगवरचं वजन घटलं, पुन्हा काट्यावर जायचं.

मऊ स्प्रिंगला एक तोटा आहे, तो लपवत नाही. दबलेली स्प्रिंग वजन कमी झालं की बॉडी वर ढकलते. वर धरलेल्या गाडीचाच ढोबळ हिशेब घे : स्प्रिंगवरच्या भागाचा गुरुत्वमध्य एक्सलपेक्षा ९ सेंटिमीटर वर धरला, तर ३० अंशांच्या चढावर पुढच्या एकेका शॉकवरचा भार ४५० वरून २८० ग्रॅमच्या आसपास येतो, मागचा ३२५ वरून ३९० ला जातो. पुढचा शॉक साडेचार मिलिमीटर लांब होतो, मागचा पावणेतीन दबतो. नाक वर, बूड खाली, म्हणजे चढ होता त्याहून उभा झाला. लिंकांच्या कोनानं हे थोडं कमी-जास्त होतं, पण दिशा हीच. यावर उपाय कडक स्प्रिंग नाही. पुढच्या शॉकमध्ये पिस्टनच्या खाली दांड्यावर सिलिकॉन ट्यूबचा ४-५ मिलिमीटरचा तुकडा घाल, म्हणजे शॉक पूर्ण लांब होणार नाही. १२ मिलिमीटर बसणारा शॉक त्यातले ७-८ च खाली येऊ शकेल. खड्ड्यात चाक थोडं कमी पोहोचेल, पण उभ्या चढावर नाक त्याहून जास्त उठणार नाही. हा सौदा आहे. जांभ्याच्या खाणीत, जिथं उभ्या भिंती आणि पायऱ्या जास्त, तिथं मी तुकडा ठेवतो. गोकाकला धबधब्याच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या गोल, गुळगुळीत दगडांवर तो काढतो, कारण तिथं चाक टेकलेलं असणं हीच पकड.

काही मंडळी याच्याही पुढं जातात. स्प्रिंग पिस्टनच्या खाली घालतात किंवा काढूनच टाकतात, बॉडी शॉकच्या तळावर बसते आणि चाकं फक्त खाली लोंबतात. स्पर्धेच्या हलक्या गाड्यांना हे शोभतं. कडक बॉडीच्या, ट्रकसारख्या दिसणाऱ्या तुझ्या गाडीला नको. तिला निदान पुढं तरी वर जायला जागा हवी, नाहीतर प्रत्येक दगडाला बंपर आपटेल.

एक चाक हवेत राहायचं दुसरं कारण आत्ताच तपासून घे. गाडी भिंतीला नाक लावून धर, हळूच थ्रॉटल दे. बॉडी एका बाजूला पिळते का बघ. मोटरचा जोर फिरत्या दांड्यातून (ड्राइव्हशाफ्टमधून) एक्सलला जाताना चासीला उलटा पीळ बसतो आणि ठराविक एकच पुढचं चाक हलकं होतं. तुझं नेहमी तेच चाक उचलत असेल तर हेच आहे. कधी डावं, कधी उजवं उचलत असेल तर शॉकला खाली जायला जागा नाही, हे वरचं कारण. पिळाला लोक एका कोपऱ्यात कडक स्प्रिंग घालतात. मी पण घातलीय. चालतं, पण आडव्या उतारावर एका बाजूनं गाडी छान आणि दुसऱ्या बाजूनं बेभरवशाची होते. मागं पातळ अँटीरोल बार, म्हणजे बॉडीचं कलणं रोखणारी सळी, लावणं जास्त बरं. ट्रॅक्सास कंपनीच्या टीआरएक्स-४ सारख्या पोर्टल एक्सलच्या गाडीत चाकाजवळच गिअरची घट असते, त्यामुळं दांड्यातून कमी जोर जातो आणि हा त्रास मुळातच कमी.

ऑइलवर फार वेळ घालवू नको. २० ते ३० वेटचं सिलिकॉन ऑइल घाल; वेट म्हणजे ऑइलचा दाटपणा. काही कंपन्या सेंटिस्टोकमध्ये लिहितात, तेव्हा ३० वेट म्हणजे ३५० च्या आसपास. घर्षण मात्र बघ. गाडी हातानं खाली दाबून सावकाश सोड, उंची मोज. मग वर उचलून सावकाश सोड, परत मोज. दोन आकड्यांत ३-४ मिलिमीटरचा फरक असेल तर शॉक अडकतोय, आणि तू स्प्रिंगला दोष देतोयस. पावसाळ्यात जांबोटीकडं गाडी चालवली की तांबडी राड दांड्यावर चढते, वाळली की कानशीसारखी घासते. ओ-रिंग संपते, ऑइल गळतं. घरी आल्यावर मऊ ब्रशनं धुऊन स्प्रिंगला तेलाचं बोट फिरव. म्युझिक वायरची (कडक पोलादी तारेची) स्प्रिंग गंजते, आणि गंजलेला वेढा एक दिवस तुटतो. खानापूरच्या पुढं जाताना एक सांभाळ : भीमगड अभयारण्याच्या हद्दीत गाडी काढायची नाही, आणि पावसाच्या दिवसांत पाणी भरलेल्या खाणीच्या कडेलाही नाही.

तू घरात असलेली स्प्रिंग कापू का, असंही पुढं विचारलंयस. काप, पण काय होणार ते समजून काप. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते. वीस वेढ्यांतले दोन काढले तर अकरा टक्के कडक आणि वर आखूड. तुला मऊ हवी आहे, म्हणून कापणं तुझ्या कामाचं नाही. टोक सपाट करायला गॅसवर लाल करून वाकवू नको. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं. तापलेल्या वेढ्यांचं पाणी उतरलं, दोन आठवड्यांत एक बाजू बसली आणि वैजनाथच्या डोंगरात गाडी कायम डावीकडं कलून चालली. मी चासीच वाकडी समजत होतो. टोक कापून दगडी चाकावर हळूहळू, गरम होऊ न देता घासून सपाट कर.

मऊ करायची तर दुसरी युक्ती आहे. दोन स्प्रिंगा एकावर एक, मध्ये प्लास्टिकची चकती. ३० ची आणि ६० ची एकत्र लावली तर दोन्ही मिळून २० ची होते, दोघींपेक्षा मऊ. मऊ स्प्रिंग पूर्ण मिटली की उरते फक्त ६० ची. मागच्या शॉकला हे फार गोड चालतं : सपाटीवर मऊ, चढावर बूड बसायला लागलं की खालून आधार.

लेथवर वळून घेणार असशील तर उद्यमबागेत किंवा मच्छेत कुणी ओळखीचं बघ. म्युझिक वायर मँड्रेलवरून (तार गुंडाळायच्या दांड्यावरून) सुटली की फुगते, म्हणून मँड्रेल हव्या त्या आतल्या व्यासापेक्षा दहा-पंधरा टक्के बारीक घ्यावा लागतो. नेमकं माप तुकडा वळून बघितल्याशिवाय कळत नाही. वळल्यावर २३० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजायची, नाहीतर पहिल्या महिन्यातच आखूड होते. तारेचं सुटं टोक चाबकासारखं येतं. डोळ्यांवर चष्मा आणि लेथ अगदी सावकाश.

तुझ्यापुरतं सांगायचं तर : लाल स्प्रिंग काढ, कंपनीच्या परत घाल, कॅरियर आणि धातूचा बंपर काढून गाडी तोल. माझा अंदाज, कंपनीची स्प्रिंग तेव्हा पार बसणार नाही, आणि तुझे पैसे वाचतील. तरीही पुढं १५ मिलिमीटरपेक्षा जास्त बसली तरच पुढची जोडी बदल, मागची तशीच राहू दे. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. आकडे पाठवशील तेव्हा चार चाकांचे चार वेगळे पाठव, बेरीज नको. डाव्या-उजव्यात पन्नासेक ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला तर आधी बॅटरीचा ट्रे कुठल्या बाजूला आहे ते बघ.